हात बदलायचा राहिला

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला, ते २०२२ साल. पौडात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. गाडीतून उतरलेला प्रत्येक जण आधी पुलाचं सांगायचा, मग घरचं. त्याच आठवड्यात, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, सुनीतीताई माझ्या दुकानाची पायरी चढल्या, आणि सत्तराव्या वर्षी मला माझी माणसं मिळाली.

मी रहिमतबी मणेर. पौडच्या पेठेतलं आमचं बांगड्यांचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी पास होते आणि पेठेत तेवढी शिकलेली सून दुसरी नव्हती. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "पाटी-पुस्तक झालं. आता हात धरायला शीक." बांगडी भरणं म्हणजे हात धरणंच. हाड कुठं वर येतं, अंगठ्याखालचं मांस किती दबतं, हे आपल्या बोटांना कळावं लागतं. पुढची पन्नास वर्षं मी मुळशीतल्या बायकांचे हात धरले. हात धरला की बाई बोलते. बहिणीला सांगणार नाही ते बांगडीवालीला सांगते, कारण बांगडी मनगटावर उतरेपर्यंत तिला उठता येत नाही आणि मला मान वर करता येत नाही.

माझे मालक मोहिद्दीन २००९ साली गेले. मुलगा फिरोज कंपनीत, म्हणून दुकान माझ्या सुनेनं, तमन्नानं हातात घेतलं. मी कोपऱ्यात बसून जुन्या गिऱ्हाइकांपुरतं भरायची. उरलेल्या वेळेत नातीच्या, सायमाच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून त्यांवर लिहायची. घरात एवढंच माहीत होतं की दादी काहीतरी खरडते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सुनीतीताई अकोल्याच्या. पोस्टातून निवृत्त होऊन महाळुंग्याला मुलाकडे राहायला आलेल्या. लेकीच्या डोहाळजेवणाला काचेच्या हिरव्या बांगड्या हव्या होत्या आणि महाळुंग्याच्या नव्या इमारतींमध्ये सगळं मिळतं, पण हात धरून भरणारी बाई मिळत नाही. मी माप शोधायला आत वाकले तेव्हा माझी वही उघडी राहिली होती.

"हे कोण लिहितंय?" त्यांनी विचारलं.

"नातीचा अभ्यास आहे."

"कितवीत आहे नात?"

"आठवीत."

"आठवीत असा निबंध देतात? 'तिचा चुडा सैल झाला होता आणि घरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं'?"

मी वही मिटली. चोरी पकडल्यासारखं झालं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंगळवारी कासार आंबोलीला या. आम्ही चार जण बसतो. वही घेऊन या."

ते चार जण बसायचे विठ्ठलरावांच्या रोपवाटिकेत, हिरव्या जाळीखाली, उलट्या क्रेटवर. विठ्ठलराव निवृत्त ग्रामसेवक. आयुष्यभर दाखले लिहिले आणि दाखल्यांच्या मध्ये एकांकिका लिहिल्या, ज्या कधी कुणी बसवल्या नाहीत. दुसरी जान्हवी, लातूरची, संगणकाच्या कंपनीत. मंगळवारी घरून काम असायचं, म्हणजे खरं तर आमच्यातून काम असायचं. मांडीवर लॅपटॉप, कानात फोनचं एक बोंडूक, आणि मधेच हात वर करून "एक मिनिट, कॉल आहे." तिच्या सगळ्या गोष्टींतली माणसं लिफ्टमध्ये अडकलेली असायची. तिसरा वाल्मीक, सव्वीस वर्षांचा, मूळचा उरवड्याचा, तिथल्याच एका कारखान्यात पत्रे दाबायच्या मशीनवर. त्याला आठवड्याची सुट्टी मंगळवारी, म्हणून बैठक मंगळवारी. तो कविता लिहायचा. चौथ्या सुनीतीताई.

त्यांचा एक नियम होता. आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्यानं वाचायचं. लिहिणाऱ्यानं गप्प बसून ऐकायचं. वाचणारा जिथं अडखळेल तिथं विठ्ठलराव पेन्सिलीनं कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढायचे.

पहिल्या दिवशी माझं पान जान्हवीनं वाचलं. ती तिसऱ्या ओळीत अडखळली.

"सॉरी आजी, परत वाचते."

"परत वाचायचं न्हाई," विठ्ठलराव म्हणाले. "अडाकलीस ना? मंग वाक्य त्यांचं चुकलंय, तुझी जीभ न्हाई."

मी खाली मान घालून ऐकत होते. आयुष्यभर मी ऐकत आले, पण ते दुसऱ्यांचं. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडातून बाहेर पडताना मी पहिल्यांदा ऐकलं. वाचून झाल्यावर कुणी वाहवा केली नाही. सुनीतीताईंनी विचारलं, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?" एवढंच. घरी येताना पौडच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली नव्हती, तरी पाय दुखल्याचं आठवत नाही.

नोव्हेंबर तसाच गेला. माझ्या पाच गोष्टी वाचून झाल्या. विठ्ठलरावांच्या ओळखीचा एक छापखानेवाला होता. पाच जणांचं मिळून एक पुस्तक काढायचं ठरलं. माझ्या मनात एक गोष्ट कैक वर्षांपासून होती. ती मी तेव्हा लिहायला घेतली. आधी तिच्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

उरवड्याची ठकूबाई माझं जुनं गिऱ्हाईक. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणायची. तिचा नवरा बहिरू मुंबईला गोदीत कामाला. आधी वर्षातून दोनदा यायचा, मग येणं बंद झालं. लोक म्हणायचे, तिकडं दुसरी ठेवली असेल. १९८६ साली, बाजाराच्या दिवशी, ठकूआक्का भलत्याच वेळी दुकानात आली आणि हात पुढं करून म्हणाली, "भर." मी हात धरला. दुकानात आम्ही दोघीच. ती हळूच म्हणाली, "बहिरू गेला. गोदीतला एक कोकनी मानूस सांगून गेला आत्ता. अंगावर पोती पडली. महिना झाला." मी हातातली बांगडी खाली ठेवली. ती म्हणाली, "ठिवतीस कशाला? हिरव्याच भर."

मी भरल्या. त्यानंतर छत्तीस वर्षं, दर नवरात्रात ती येत राहिली आणि मी हिरव्या भरत राहिले. गावाच्या लेखी ती नवऱ्यानं टाकलेली. तिनं त्याची बोलणी खाल्ली, पण चुडा उतरवला नाही. हे मला आणि तिला, दोघींनाच ठाऊक. मी मोहिद्दीनना देखील सांगितलं नव्हतं.

हीच गोष्ट मी लिहिली. काळजी घेऊन लिहिली. ठकूबाईची सरस्वती केली, मुंबईची सुरत केली, बहिरूचं नाव बदललं, उरवडं काढून धरणाकडचं एक नाव नसलेलं गाव घातलं. वाल्मीक उरवड्याचा आहे हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच जपलं. जान्हवीनं पुस्तकासाठी ती टाइप करून सगळ्यांच्या फोनवर पाठवली, पण बैठकीआधी उघडायची नाही असा करार होता. डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी चिठ्ठ्या टाकल्या. वाल्मीकचं नाव निघालं.

तो छान वाचायचा. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं आवाज मोठा आणि सावकाश. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं: 'तिच्या डाव्या मनगटाचं हाड लहानपणी बैलगाडीवरून पडून वाकडं बसलं होतं. त्या हाताचा अंगठा आत वळत नसे. मनगटावर काविळीसाठी दिलेले तीन डाग होते, एकाखाली एक. उजव्या हातात दोन-सहाचं माप जाई, डाव्यात दोन-आठचं.'

वाल्मीक थांबला. विठ्ठलरावांनी नियमाप्रमाणं रेघ ओढली. मग तो पुढं वाचू लागला, पण आता भरभर, खालच्या आवाजात. कोकणातला माणूस, अंगावर पडलेली पोती, हिरव्या बांगड्या, सगळं त्यानं शेवटापर्यंत वाचलं.

सुनीतीताईंनी डोळे पुसले. "ही पुस्तकात पहिली," त्या म्हणाल्या. विठ्ठलरावांनी मांडीवर थाप मारली.

वाल्मीकनं कागदांच्या चार घड्या करून ते माझ्या हातात दिले.

"मावशी," तो म्हणाला, "ही आमची ठकूआजी हाय. माझ्या आज्ज्याची भावजय. तिच्याच हातची भाकरी खाऊन मी मोठा झालोय."

तो उठला आणि गाडी चालू करून निघून गेला.

मी तिथंच बसून राहिले. उरवड्यात त्यांच्या एकाच आडनावाची तीस घरं, वाल्मीक त्याच घरातला असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण चूक ती नव्हती. नाव बदललं, गाव बदललं, हात मात्र जसाच्या तसा ठेवला. तो बदलावा हे मला सुचलंच नाही. माझ्या लेखी बाई म्हणजे तिचा हात. तो बदलला असता तर मी कुणाबद्दल लिहितेय हे मलाच कळलं नसतं. एखाद्या शिंप्यानं लिहिलं असतं तर त्यानं खांदे तसेच ठेवले असते.

"आजी, एवढं काय?" जान्हवी म्हणाली. "नावं बदललीत ना तुम्ही? सगळे रायटर असंच करतात."

"अगं पोरी," विठ्ठलराव म्हणाले, "त्ये रायटर लिवून निगून जात्यात. ह्यास्नी हितंच ऱ्हायचंय."

मला माझी भीती नव्हती. भीती ठकूआक्काची होती. तिला मूलबाळ नाही. ती वाल्मीकच्या आई-बापाच्या घरात राहत होती. हळदीकुंकवाला पहिली बोलावली जायची, नव्या नवरीची ओटी भरायची. ऐंशीला टेकलेली बाई, आणि मी तिच्या हातून ते सगळं काढून घेतलं होतं, तेही चांगली वाक्यं लिहायच्या नादात. आमच्या धंद्यात काच फुटली तर दुसरी भरता येते. ऐकलेलं बाहेर सांगितलं तर पुन्हा कुणी हात देत नाही.

पुढच्या मंगळवारी मी गेले नाही. वही संदुकीच्या तळाशी टाकली. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी सुनीतीताई, जान्हवी आणि विठ्ठलराव तिघं दुकानात हजर. वाल्मीक नव्हता.

जान्हवीनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि मला दिसेल असा फिरवला. "ही तुमची फाइल. बघा, काढून टाकतेय. आता कचऱ्यातूनही काढतेय. मी त्या दिवशी चुकीचं बोलले, आजी." सुनीतीताईंनी फोन पुढं करून आपलीही काढली. विठ्ठलराव फोन उलटसुलट करत होते. शेवटी त्यांनी तो तमन्नापुढं धरला.

"सूनबाई, ह्यातली गोष्ट काढून दे. पर वाचू नगंस."

"न वाचता कशी काढू, काका?"

"डोळं मिटून काढ."

तमन्नानं खरंच एक डोळा मिटला आणि गोष्ट काढली. कसली, हे तिनं मला विचारलं नाही. मी तिच्याकडे त्या दिवशी जरा वेगळं बघितलं.

"आता ठकूबाईंकडे जायला पाहिजे," सुनीतीताई म्हणाल्या.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आम्ही येतो की बरोबर. तुम्ही बोला, आम्ही बाहेर थांबू."

विठ्ठलरावांचा रोपांचा टेम्पो बाहेर उभाच होता. पुढं आम्ही तिघी दाटीवाटीनं बसलो. शेणखताचा वास, जान्हवीच्या मांडीवर लॅपटॉप आणि माझ्या मांडीवर संदुकीतून काढलेली वही. उरवडे फाट्यावर जान्हवीचा फोन वाजला आणि ती साहेबाला म्हणाली, "सर, मी क्लायंट व्हिजिटवर आहे." विठ्ठलराव एवढे हसले की टेम्पो कडेला घ्यावा लागला.

ठकूआक्का अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी वाल्मीक. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. आक्कानं मान वर केली.

"आलीस व्हय? पंधरा दिस वाट बघतीया. ह्यो म्हनला, आजी, तुज्यावर एकीनं लिवलंय. म्या म्हनलं, लिवनारी येईल की सांगाया. पायाला मेंदी लावून बसली हुतीस का काय?"

वाल्मीक पुटपुटला, "मी दुसऱ्या कुनालाच सांगितलं न्हाई, मावशी. आई-आबांना बी न्हाई."

"आनि ती कोन टेम्पोपाशी हुबी हायेत?" आक्का म्हणाली. "ऐकलंय ना त्यांनी समदं? मंग या की सावलीत. आता उनात हुबं ऱ्हाऊन काय झाकनार हाय?"

सगळे येऊन ओट्यावर बसले. आक्का शेंगा सोलत म्हणाली, "वाच."

मी सवयीनं वही वाल्मीकपुढं धरली.

"त्यो कशापायी? त्यो जलमला बी नव्हता तवा. तुजं तू वाच."

माझं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचायची ती पहिलीच वेळ. 'सरस्वतीचा नवरा सुरतेला…' एवढ्यावरच आक्कानं हात वर केला.

"कोन सरस्वती?"

"तू, आक्का. नाव बदललंय."

"सरस्वती!" ती हसायला लागली, हसता हसता ठसका लागला. वाल्मीकनं पाणी दिलं. "अगं, मला सही करता येत न्हाई, अंगठा देते मी. सरस्वती म्हनं! आनि सुरत कुटनं आली? त्यो मुंबईला मेला. वाच फुडं."

मी वाचत गेले. दर चार ओळींनी ती अडवायची. कोकणी माणसानं टोपी घातली नव्हती, डोक्याला फडकं होतं. त्या दिवशी तिनं वांगी आणली नव्हती, वांगी विकायला नेली होती. मग मी त्या ओळीवर आले: 'दिरांनी जमिनीचा वाटा नाकारू नये, म्हणून तिनं चुडा उतरवला नाही.'

आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ह्ये कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला वाटलं…"

"वाटलं! छत्तीस वर्सं हात धरलास माजा, एकडाव इचारलं न्हाईस. जमीन कुटं जानार हुती? माजा दीर देवमानूस. ह्याचा आज्जा त्यो. त्यानं दुसऱ्याच दिशी वाटा दिला असता."

"मग का, आक्का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पाण्याला ओलं का म्हणतात असं विचारलं होतं.

"मला आवडत्यात."

"काय?"

"बांगड्या! दुसरं काय? भाकरी थापताना वाजत्यात, गवत कापताना वाजत्यात. येकटं मानूस असलं तरी कायतरी वाजतंय म्हनून बरं वाटतंय. त्यो हुता तवा तरी मी त्याच्यापायी घालीत हुते का? त्यो वर्सातनं दोनदा यायचा. बांगड्या रोजच्या हुत्या."

आक्कानं माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघितलं.

"आनि तू का काढल्यास गं, मोहिद्दीन गेल्यावर? तुला आवडत नव्हत्या?"

पन्नास वर्षं बांगड्या विकलेल्या बाईला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी मनगटं पदराखाली घेतली.

मग मी तिला पुस्तकाचं सांगितलं, आणि म्हटलं, तू म्हणशील तसं. तिनं सोललेले पावटे सुपात ओढले आणि पाखडू लागली.

"ह्या हातानं गावातल्या किती पोरींच्या वट्या भरल्यात, मोजलं न्हाई म्या. उद्याच्याला येकीचं कायतरी वाईट झालं, तर ती म्हनंल, ठकीनं वटी भरली हुती म्हनून. पोर उगाच भ्येईल. तवा मी हाय तवर न्हाई. मी गेल्यावर छाप. तवर त्या पोरी जुन्या हुतील, शान्या हुतील. आनि ती जमीन-बिमीन काढ त्यातनं. खरं लिव."

"आणि नाव?"

"माजंच घाल. सरस्वती नगं."

निघताना वाल्मीक टेम्पोपर्यंत आला. "मावशी, मला तुमचा राग नव्हता आला," तो म्हणाला. "लाज वाटली. मी मशीनवर कविता लिवतोय, रस्त्यावर लिवतोय, आनि ज्या घरात बसून लिवतोय तितल्या म्हातारीला कंदी काय इचारलं न्हाई."

पुस्तकासाठी मी आठ दिवसांत दुसरी गोष्ट लिहिली. विठ्ठलरावांच्या कागदावर एवढ्या रेघा झाल्या की तो कागद भरून गेला. ते म्हणाले, "न्हाई झाली, रहिमतबी." सुनीतीताई म्हणाल्या, "नाही झाली." जान्हवीनं मान हलवली. मला वाईट वाटलं, पण खोटं कुणी बोललं नाही याचं बरंही वाटलं. पुस्तक चौघांचंच निघालं, २०२३च्या ईदनंतर. मी पातेलंभर शीरखुर्मा घेऊन गेले. रोपवाटिकेत तीस-पस्तीस माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "यांचं नाव नाही पुस्तकात?" सुनीतीताई म्हणाल्या, "त्यांचं यायचंय."

कधी यायचं, का थांबलंय, ते कुणी विचारलं तरी त्यांनी सांगितलं नाही. उरवड्याहून परतल्यापासून दीड वर्षाहून जास्त काळ त्या चौघांनी ती गोष्ट पोटात ठेवली. उरवड्याची कितीतरी माणसं विठ्ठलरावांकडे रोपं घ्यायला यायची, वाल्मीक रोज त्याच घरात जेवायचा, जान्हवीला तर काहीही झालं की फोनवर टाकायची सवय. तरी एक शब्द बाहेर गेला नाही. लिहिताना सोबत लागते ती कौतुकाची, असं मला आधी वाटायचं. मला जी सोबत मिळाली ती गप्प बसणाऱ्यांची होती, आणि मी दरवेळी नमाजानंतर त्या चौघांची नावं घेते.

त्या काळात मी ती गोष्ट अकरा वेळा नव्यानं लिहिली. दरवेळी रोपवाटिकेचं फाटक लावून ती वाचली जायची. जमीन निघाली, रडं निघालं. शेवटी ती बरीचशी हसरी गोष्ट झाली. मधून मधून मी उरवड्याला जायची आणि आक्काला विचारून यायची. तिला ते आवडायला लागलं होतं. वाल्मीकच्या हाती निरोप यायचा, "म्हातारी म्हनतीया, लिवनारी का आली न्हाई?"

ठकूआक्का ऑगस्ट २०२४ मध्ये गेली, झोपेत. वाल्मीकचा सकाळी फोन आला. घरच्यांनी सुवासिन म्हणून बोळवण केली. तेराव्यानंतर वाल्मीकनं आई-वडिलांना सगळं सांगितलं. दोन दिवसांनी वडील म्हणाले, "तिच्या मनासारखं झालं ना? मंग छापा."

गोष्ट २०२५च्या दिवाळीत पुण्यातल्या एका लहान अंकात आली, ठकूबाई याच नावानं. दिवाळीनंतर उरवड्याची एक बाई दुकानात आली. चाळिशीची असेल. हात पुढं केला आणि म्हणाली, "माझी वटी ठकूआजीनंच भरली हुती." मी घाबरले. ती म्हणाली, "तीन लेकरं हायेत. बरं चाललंय. ह्ये तुमाला सांगावं म्हनलं." मग तिनं भाव करून दोन डझन घेतल्या.

विठ्ठलरावांच्या रोपवाटिकेची पुढची पट्टी रस्ता रुंदीकरणात गेली. ते मागं सरकले, बैठकही मागं सरकली. त्यांची एकांकिका शेवटी वाल्मीकच्या कारखान्यातल्या पोरांनी पिरंगुटला बसवली. त्यात ते स्वतः तलाठी झाले आणि आपणच लिहिलेली वाक्यं विसरले.

सुनीतीताईंच्या लेकीला मुलगी झाली. ताईंचा गुडघा बदलला. काठी घेऊन येतात, आणि आता तेच काठीचं टोक दाखवून आम्हाला वाक्यं तोडायला सांगतात.

जान्हवी हैदराबादला गेली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत फोनवरून ऐकते. तिच्या गोष्टीतली माणसं अजून लिफ्टमध्येच आहेत, पण परवाच्या गोष्टीत दार उघडलं.

वाल्मीकचं लग्न झालं. त्याची बायको किमया दवाखान्यात परिचारिका आहे. ती त्याच्या कविता त्याच्यापेक्षा चांगल्या वाचते आणि जिथं अडखळते तिथं सरळ हसते. चिठ्ठी सारखी तिच्याच नावाची निघते, म्हणून त्याचा आता चिठ्ठीवर विश्वास उरलेला नाही.

तमन्ना माझं सगळं लिहिलेलं आधी वाचते, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. बारीक अक्षर पुन्हा दिसू लागलंय. दुसरं पुस्तक काढायचं चाललंय, त्यात माझ्या सात गोष्टी आहेत, आणि सातही बायकांना विचारून झालंय. कुणाला काही काम असेल तर दुकानात या, पण मंगळवारी दुपारी मी तिथं नसते.